मिश्र टाकीत मासे गुण्यागोविंदाने राहावेत आणि पिल्लंही जगावीत : कसं जमवता?

निळाई
आमच्या टाकीत सध्या गप्पी, निऑन टेट्रांचा लहान थवा आणि तळाला ब्राँझ कोरी आहेत. टाकी ६० × ३० × ३० सेंटिमीटरची, म्हणजे वाळू-दगड वगळता पाणी जेमतेम ५० लिटर. मासे अंगाने छान भरलेत, भांडणं नाहीत. पण गप्पीच्या माद्यांची पोटं फुगतात, मग एके दिवशी सपाट होतात आणि पिल्लू मात्र एकही दिसत नाही. कधी सकाळी दिवा लावल्यावर झुडपाच्या बुडाशी एखादं दिसतं, संध्याकाळी तेही नाहीसं.

त्यातच आता घरातून एंजलची जोडी आणायचा आग्रह सुरू झालाय. एंजल अंडी घालतात, दोघं मिळून राखतात, ते बघायला मिळावं म्हणून.

तर विचारायचं असं, की आहे त्या टाकीत एंजल घालावेत का? आणि सगळे एकत्र ठेवूनही पिल्लं वाढवता येतात का? मला स्वतःला वाटतं की झाडं पुरेशी दाट असली तर जमावं. अनुभवी मंडळींनी सांगावं.

उंबरठा
पिल्लं कुठे गेली याचं उत्तर टाकीतच पोहतंय. :) निऑन तर खातातच, पण जन्म देऊन बाजूला झालेली आईसुद्धा मागे वळून आपलंच पिल्लू गिळते. गप्पीत पिल्लं राखणं हा प्रकारच नाही.

पाणकावळा
निळाई, दोन वेगळ्या इच्छा एका टाकीत बसवायचा प्रयत्न होतोय. सोबती निवडताना आपण बघतो की कोण कोणाला त्रास देणार नाही. पैदास करायची तर मात्र प्रश्न उलटा होतो : अंडी नाहीतर पिल्लं समोर असताना कोण कसा वागेल? एरवी शांत असलेला मासा त्या दिवसांत पूर्ण वेगळा असतो.

आधी सोबत्यांचं बोलू. मी या क्रमाने बघतो.

पहिलं तापमान. गोल्डफिशला १८ ते २२ अंश मानवतं, एंजल आणि फायटरला २५ ते २८. ही दोन टोकं एका पाण्यात आणली की कोणीतरी एक कायम ओढाताणीत जगतो. मग पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार : गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड, किंचित अल्कधर्मी पाणी आवडतं, निऑन मुळात मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. तिसरं, तोंडाचा आकार. मोठ्याच्या तोंडात मावणारा लहान मासा हा त्याचा सोबती नसतो, जेवण असतो. आजचं तोंड बघू नका, पूर्ण वाढ झाल्यावरचं बघा. ऑस्कर लहानपणी बोटभर असतो आणि वाढतो ३० सेंटिमीटरपर्यंत.

शेवटी स्वभाव आणि थवा. टायगर बार्ब दोन-तीनच ठेवले की इतरांच्या शेपट्या कुरतडतात. आठ-दहांचा थवा असला की भांडण बरंचसं आपापसात राहतं. तरीही लांब पंखांच्या माशासोबत त्यांना ठेवूच नये. एंजल, गप्पी, फायटर हे सगळे त्यात आले. कोरीसुद्धा सहाच्या आत ठेवू नयेत, एकटादुकटा कोरी कोपऱ्यात दबून बसतो.

एंजलचं उत्तर : तुमच्या टाकीत नको. ३० सेंटिमीटर उंची त्यांना अपुरी आहे. पूर्ण वाढलेल्या एंजलचे वरखालचे पंख धरून उंची २० सेंटिमीटरच्या आसपास जाते. टाकी किमान ४५ सेंटिमीटर उंच हवी.

मिठागर
पाणकावळा यांच्याशी बाकी सहमत, पण गप्पी आणि निऑन वर्षानुवर्षं एकत्र नीट राहिलेले पाहिलेत. आज मिळणारे निऑन बहुतेक पाळीव पैदाशीतले असतात, मध्यम जडपणाच्या पाण्यात ते रुळतात. पुस्तकातला आकडा गाठायला पाण्यात औषधं ओतून पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) खालीवर करणाऱ्यांचे मासे जास्त आजारी पडतात. पाणी स्थिर ठेवा, एवढं पुरे.

पाणकावळा
@मिठागर, राहतील, नाकारत नाही. राहणं आणि अंडी देणं यात मात्र फरक आहे. जड पाण्यात निऑन जगतो, पण त्याची अंडी सहसा फळत नाहीत. आणि या धाग्यात प्रश्न पैदाशीचा आहे. औषधं ओतू नयेत, याला शंभर टक्के अनुमोदन.

रानजाई
निऑनची पैदास हा स्वतंत्र नाद आहे. अतिशय मऊ पाणी, मंद उजेड, आणि अंडी घातली की आईबाप लगेच बाहेर. अंड्यांना उजेड सोसत नाही म्हणून टाकीला चारी बाजूंनी कागद लावायचा. पिल्लं इतकी बारीक की सुरुवातीला इन्फ्युसोरियाशिवाय (पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) काही खाऊ शकत नाहीत. नवख्याने इथून सुरुवात करू नये, हिरमोड होतो.

अंडी घालणाऱ्यांतच हात बसवायचा तर झेब्रा डॅनिओ घ्या. तळाला गोट्या पसरायच्या, पाणी पंधरा सेंटिमीटरच्या आतबाहेर. नर-माद्या संध्याकाळी सोडल्या की पहाटेच्या पहिल्या उजेडात अंडी पडतात. ती गोट्यांच्या फटीत जातात, मोठ्यांचं तोंड तिथवर पोचत नाही. दुपारी मोठे काढून घ्यायचे. दोन-तीन दिवसांत काचेवर चिकटलेल्या काड्यांसारखी पिल्लं दिसू लागतात.

कासवगती
वाचतोय. वाचनखूण साठवली.

दगडफूल
मला एंजलबद्दल थोडं वेगळं म्हणायचंय. ते निऑन खातात हे खरं, निसर्गातही लहान टेट्रा त्यांच्या खाण्यात असतात. पण एंजल लहान असतानाच पूर्ण वाढलेल्या, जरा जाड अंगाच्या टेट्रांसोबत वाढवले तर पुढे सहसा त्रास देत नाहीत. ब्लॅक स्कर्ट नको, तो पंख कुरतडतो. लेमन टेट्रा, रमीनोज टेट्रा चालतात. रमीनोज जरा लांबट असतो, पण चपळ आहे.

आणि "जोडी" विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. एंजलमध्ये नर-मादी वरून ओळखता येत नाहीत. अंडी घालायच्या वेळी खाली नळी दिसते, मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. एरवी सांगणारा अंदाजच सांगत असतो. दोन माद्यासुद्धा जोडी जमवतात, पान साफ करतात, अंडी घालतात; मग ती सगळी पांढरी पडतात. सहा लहान पिल्लं आणा, वाढवा, आठ-दहा महिन्यांत त्यातली एखादी जोडी आपली आपण जुळते. जुळली की ती अर्धी टाकी बळकावते आणि बाकीच्यांना कोपऱ्यात कोंबते. तो दिवस आला की त्यांना वेगळी टाकी द्यावीच लागते.

चिन्मयी_
दगडफूल, पहिल्या वेळची अंडी आईबापच खातात ना? आमच्याकडे असंच चाललंय. प्रत्येक वेळी दुसऱ्या रात्री अंडी साफ.

दगडफूल
हो, नव्या जोडीत हे अगदी नेहमीचं. पण "प्रत्येक वेळी दुसऱ्या रात्री" म्हणताय म्हणून विचारते, टाकीत सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) आहे का?

चिन्मयी_
आहे. शेवाळासाठी ठेवलाय. चांगला वीतभर झालाय.

दगडफूल
मग आधी त्याच्यावर संशय घ्या. सकर रात्री हिंडतो आणि अंधारात एंजलना दिसत नाही, त्यांना अंडी राखता येत नाहीत. शिवाय मोठा झालेला सकर एंजलच्या चपट्या अंगाला चिकटून त्यावरचा चिकट थर खातो, त्या जागी जखमा होतात. साधा सकर ३० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, तो घरगुती टाकीतला मासाच नव्हे. शेवाळ खाणारा हवाच असेल तर ब्रिसलनोज बघा, साधारण १२ सेंटिमीटरवर थांबतो. अंडी मात्र तोही सोडणार नाही, म्हणून पैदाशीच्या टाकीत कोणीच नको.

रात्री अगदी मंद दिवा चालू ठेवून पाहा. आणि आईबापच खात असतील तर अंड्यांचं पान किंवा फरशी उचलून त्याच टाकीच्या पाण्याने भरलेल्या वेगळ्या भांड्यात ठेवा, शेजारून हवेचे बुडबुडे येऊ द्या, थोडं मिथिलीन ब्लू (निळं बुरशीनाशक औषध) घाला म्हणजे बुरशी पसरत नाही. २७-२८ अंशांना अडीच दिवसांच्या आसपास अंडी फुटतात. पिल्लं आधी जागच्या जागी थरथरत राहतात, साधारण आठवड्याभराने पोहायला लागतात. पोहेपर्यंत खायला काही घालायचं नाही, पोटाखालच्या पिशवीवर त्यांचं भागतं.

सुतारपक्षी
मूळ प्रश्न गप्पीच्या पिल्लांचा होता, तिकडे येतो. मादी वेगळी काढायची जाळीची पेटी मिळते ती घ्या. पेटीत मादी, खालच्या फटीतून पिल्लं खाली. सोपं काम.

रानजाई
@सुतारपक्षी, नाही पटलं. त्या पेटीत मादीला वळायला जागा नसते. बिचारी घाबरून धडका देते, पुष्कळदा अर्धवट पिल्लं टाकते. अगदी शेवटच्या एक-दोन दिवसांपुरती वापरली तर ठीक, पण तो दिवस नेमका ओळखणं कठीण. गप्पीचा गाभण काळ सुमारे चार आठवड्यांचा, आणि पाण्याच्या उष्णतेप्रमाणे तो मागेपुढे होतो. शेपटीजवळचा काळा डाग गडद होणं आणि पोट चौकोनी दिसणं ही खूण. त्यापेक्षा १५-२० लिटरची साधी टाकी, तळ मोकळा, स्पंज फिल्टर, अर्धी टाकी भरून जावा मॉस आणि हॉर्नवर्ट या पाणवनस्पती. मादी तिथे सोडा, पिल्लं झाली की तिला परत आणा. पेटी पिल्लांसाठी वापरा हवं तर.

सुतारपक्षी
मादीला जागा कमी पडते हे मान्य. ज्यांच्याकडे दुसऱ्या टाकीला जागाच नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

तळ्याकाठी
त्यांनी तरंगत्या वनस्पती वाढवाव्यात. गप्पीची पिल्लं जन्मतःच वर धाव घेतात, म्हणून झाडी वर हवी. तळातली झुडपं किती का दाट असेनात, त्यांचा निम्माच उपयोग. निळाईंच्या टाकीत पिल्लं बुडाशी दिसतात म्हणजे वर आसरा नाही. हॉर्नवर्ट न रोवता तसाच तरंगत ठेवा, साल्व्हिनिया सोडा, मुळं खाली लोंबू देत. शंभरातली सगळी नाही वाचणार, पण मोजकी धट्टीकट्टी वाचतात आणि लहान टाकीला तेवढीच पेलतात.

आणखी एक. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावलाय ना? पुष्कळ पिल्लं माशांच्या पोटात न जाता तिथे जातात.

निळाई
स्पंज नाही लावलेला! आजच लावते. एंजलचा विचार घरी सांगून थांबवलाय, उंचीचा मुद्दा सगळ्यांना पटला. आता धाकटी विचारतेय, मग फायटर आणूया का? तोही घरटं करतो म्हणे.

मिठागर
गप्पींसोबत फायटर नको. गप्पीच्या नराची रंगीत, झुलती शेपटी त्याला दुसऱ्या फायटरसारखी वाटते. काही फायटर कोणाकडे ढुंकूनही बघत नाहीत, काही पहिल्याच दिवशी शेपट्या फाडतात. कोणता कसा निघेल ते आधी कळत नाही. कोरींसोबत मात्र त्याचं बहुधा जमतं, तो वरच्या थरात आणि ते तळाला.

पैदास बघण्यासारखी असते खरी. नर तोंडाने बुडबुडे जमवून पाण्यावर फेसाचं घरटं करतो, मादीला अंगाने वेढतो, खाली पडणारी अंडी तोंडात झेलून घरट्यात नेऊन ठेवतो. झालं की मादीला ताबडतोब काढायचं, नाहीतर तो तिला मारतो. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, मग खाली पडणारं पिल्लू पुन्हा उचलून वर ठेवणं चालू. पिल्लं आडवी पोहू लागली की नरालाही काढायचं. पुढे तीन-चार आठवड्यांनी पिल्लांचा हवा घेणारा अवयव तयार होतो. त्या काळात टाकीवर झाकण घट्ट हवं, पाण्यावरची हवा गार लागली तर पिल्लं पटापट जातात. आणि त्यानंतर नर एकमेकांना भिडू लागतात, प्रत्येकाला स्वतंत्र भांडं लागतं. एका वेळी शेकडो पिल्लं होऊ शकतात, तेव्हा भांडी किती लागतील हे आधीच बघा.

उंबरठा
धाकटीला सांगा, फायटरच्या बापाला महिन्याभराची रजा मिळत नाही, सगळं काम चार-पाच दिवसांत उरकावं लागतं. :)

अवलिया
थोडं अवांतर. गप्पी हे नाव रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांच्यावरून आलं. त्यांनी १८६६ मध्ये त्रिनिदादहून हे मासे ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले आणि गुंथर यांनी त्यांच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं. पण जर्मनीच्या पीटर्स यांनी १८५९ मध्येच त्याचं वर्णन केलेलं होतं, त्यामुळे शास्त्रीय नावात पीटर्स यांचं 'रेटिक्युलाटा' टिकलं आणि 'गप्पी' बोलण्यात राहिलं. पुढे डासांच्या अळ्या खातो म्हणून हा मासा जगभर नेऊन सोडला गेला.

तळ्याकाठी
अवलिया, छान माहिती. त्या सोडण्याने अनेक ठिकाणच्या मूळच्या लहान माशांना फटका बसला, तेही इथेच लिहून ठेवतो. कारण या धाग्यावर कोणी अजून विचारलेलं नाही : जगलेल्या पिल्लांचं करणार काय?

एक गप्पी मादी एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून किती तरी जास्त पिल्लं देते. नराचं बीज ती साठवून ठेवते आणि पुढे काही महिने नर नसतानाही पिल्लं देत राहते. "फक्त माद्या ठेवल्या, तरी पिल्लं कशी?" याचं उत्तर हेच. ५० लिटरची टाकी बघता बघता भरते. मग माणसं बादली घेऊन जवळच्या तळ्यावर जातात. कृपा करून असं कोणीही करू नका. मासे नको, वनस्पती नको, टाकीचं पाणीही नको. तिथल्या जिवांना आपल्या टाकीतले रोग आणि स्पर्धक दोन्ही मिळतात, आणि ते परत गोळा करता येत नाहीत.

कासवगती
मग पिल्लं मोठ्या माशांना खायला घालणं बरोबर की चूक? मला ते बघवत नाही.

पाणकावळा
बघवत नाही हे समजू शकतो. माझं मत असं की ज्या टाकीत पैदास हेतूने करत नाही तिथे निसर्गक्रम चालू द्यावा, काही खाल्ली जातील, काही उरतील. सगळी वाचवून दाटीत वाढवली तर अमोनिया-नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारी घातक द्रव्यं) वाढतो, वाढ खुंटते, पाठी वाकड्या होतात. आणि वाकड्या पाठीची जन्मतःच असलेली पिल्लं पुढच्या पैदाशीला ठेवूच नयेत.

रानजाई
मी इथे थोडी वेगळी. मुद्दाम खायला घालण्यापेक्षा जन्मच कमी होऊ द्यावेत. गप्पींचे फक्त नर ठेवा. रंग त्यांच्यातच असतो, भांडणं किरकोळ असतात, आणि हा प्रश्नच उभा राहत नाही. दोन्ही ठेवायचे तर एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर नर मादीला क्षणभर स्वस्थता देत नाहीत.

चिन्मयी_
ताजा समाचार : सकर हलवला, रात्री मंद दिवा ठेवला. अंडी फुटलीत! पानावर शेपट्या वळवळताहेत. आता खायला काय आणि कधी?

दगडफूल
अरे वा, अभिनंदन! पोहू लागली की त्याच दिवसापासून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) ताजी पिल्लं. आजच त्याच्या अंड्यांची एक बाटली लावा : लिटरभर पाण्याला २५ ग्रॅमच्या आसपास मीठ, खालून जोरात हवा, २६ ते २८ अंश, वर दिवा. २४ ते ३६ तासांत फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर, पिल्लं खाली. ती उजेडाकडे गोळा होतात. गाळून, साध्या पाण्याने धुऊन द्या. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. आणि रोज थोडं पाणी बदला, त्याच तापमानाचं.

बाटली एकावर थांबवू नका. आज एक, उद्या दुसरी, म्हणजे रोज ताजी मिळतात. फुटल्यावर काही तासांतच त्यांच्यातलं पोषण उतरायला लागतं.

सुतारपक्षी
नवीन छोटी टाकी लावणाऱ्यांसाठी : पिल्लं व्हायच्या आदल्या दिवशी लावू नका. रिकाम्या नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज फिल्टर आधी मोठ्या टाकीतच महिनाभर चालू ठेवा आणि गरज पडली की तोच उचलून लहान टाकीत लावा. दुसऱ्या टाकीला जागा कायमची नसली तरी हे जमतं.

निळाई
सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरी टाकी मोठ्या टाकीखालच्या कप्प्यात बसेल असं दिसतंय. तर ठरलं असं : मोठ्या टाकीत गप्पीचे फक्त नर, निऑन आणि कोरी. खालच्या लहान टाकीत दोन माद्या, तरंगता हॉर्नवर्ट, स्पंज फिल्टर. तो आजपासूनच वर चालू केलाय. फायटर नाही, धाकटी रुसलीये, पण तिला कोरींच्या अंड्यांचं आमिष दाखवलंय. एकच शंका राहिली. लहान टाकीतली पिल्लं मोठी होऊन आपापसात पुन्हा पिल्लं देणार नाहीत, यासाठी नर कधी वेगळे काढू?

रानजाई
तीन आठवड्यांपासून रोज बघायला लागा. मादीचा पोटाखालचा पंख पंख्यासारखा पसरट राहतो, नराचा बारीक होऊन काडीसारखा लांबतो. रंग यायच्या आधी हे दिसतं, म्हणून रंगाची वाट बघू नका. काडी दिसली की वरच्या टाकीत, पण तेवढा मोठा झालाय ना की निऑनच्या तोंडात मावणार नाही, ते बघून. लहान वाटला तर पेटीत ठेवा, सुतारपक्षींची पेटी इथे कामाला येईल. :)

मिठागर
आणि धाकटीला सांगा, कोरींना दोन दिवस भरपूर खाऊ घालून मग एक तृतीयांश पाणी बदलायचं, नवं पाणी दोन-तीन अंश गार. दुसऱ्या दिवशी सकाळी काच नीट बघायची, अंडी तिथेच चिकटवतात. दिसली की पातळ कार्डाच्या कडेने अलगद सोडवून वेगळ्या भांड्यात घ्या, निऑन उठायच्या आत.